उन्हातली माती

माझा नवरा कामचुकार आहे असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याची तिथल्या तिथे बिनपाण्याने केली असती. पण शुक्रवारी दुपारी आमच्या मॅडमनी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं, स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि अगदी हळू आवाजात जवळजवळ हेच म्हणाल्या, तेव्हा मला भांडता आलं नाही. कारण आठवडाभर मलाही तेच वाटत होतं.

आम्ही दोघं एकाच खात्यात. तो माती आणतो, मी ती जाळते. अभयारण्यातल्या वाळूच्या टेकड्यांवर फिरून तो ठरलेल्या जागी नळी ठोकतो, निघेल ती माती पिशवीत भरतो आणि वर जागेचा क्रमांक घालतो. इतकी वर्षं खड्डे खणलेत की ऑफिसात सगळे त्याला खड्डेबुवा म्हणतात. त्या पिशव्या माझ्याकडे येतात. मी माती वाळवते, चाळते, चिनी मातीच्या वाटीत घालून वजन करते, भट्टीत जाळते आणि वाटी निवली की पुन्हा वजन करते. जे कमी भरतं ते जळून गेलेलं: कुजलेली पानं, मुळं, किडेमुंग्या, जे कधीकाळी जिवंत होतं ते सगळं. त्यावरून मातीत सेंद्रिय कार्बन किती ते काढायचं. मला मात्र भट्टीवाली म्हणायची कोणाची हिंमत झालेली नाही.

वाळूत हा कार्बन असतो तरी किती? चिमूटभर. आणि तोही सगळीकडे सारखा नाही. झुडपाच्या बुंध्याशी माती काळपट, मुठीत दाबली तर गोळा होणारी. तिथून हातभर सरकलं की ठणठणगोपाळ, नुसती पांढरी वाळू. म्हणून अशा जमिनीचे आकडे वेडेवाकडेच यायला हवेत. मागच्या, तीन वर्षांपूर्वीच्या फेरीचे तसेच होते: एक मोठा, दोन बारके, मग परत एक मोठा. जागा त्याच, झुडपं तीच. या फेरीचे आकडे मात्र गणवेश घालून रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारखे, सगळे एका मापाचे आणि सगळे बारके.

आधी मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. वजनकाटा तपासला. भट्टी नीट तापते की नाही ते पाहिलं. मग मागच्या फेरीची जपून ठेवलेली माती काढली आणि परत जाळली. तिचा आकडा पूर्वीसारखाच आला, अगदी तंतोतंत. म्हणजे भट्टी बरोबर, काटा बरोबर, मी बरोबर. मग चुकलं कोण? घरात बोलायची सोय नव्हती आणि ऑफिसात बोलायची छाती नव्हती.

"सगळ्या पिशव्या एकाच ढिगातून भरल्यासारख्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "झुडपाखालची माती एकाही पिशवीत नाही."

"ते तसं करणार नाहीत, मॅडम."

"मलाही तसंच वाटत होतं. पण जागा दाखवणारं यंत्र घेऊन कोण फिरलं आणि माती कुठली भरली, हे यंत्राला कळत नाही." त्या माझ्याकडे न बघता टेबलावरच्या रिकाम्या वाट्या सरळ करत होत्या. "उत्तरेकडचा पट्टा अभयारण्यातून वगळायचं घाटतंय, माहीत आहे ना? 'त्या जमिनीत आता जीव उरला नाही' म्हणतात, आणि पुरावा म्हणून आपलेच आकडे दाखवतात. म्हणून सोमवारी मी स्वतः येतेय. त्यांनी माझ्यासमोर त्याच जागांवरची माती काढायची. जुळली नाही तर मला लिहावं लागेल, आणि खोटे नमुने भरले म्हटल्यावर नोकरी राहत नाही."

"त्यांना सांगितलंत?"

"तुम्हीही सांगू नका," मॅडम म्हणाल्या. "निदान तेवढं तरी मला प्रामाणिकपणे करू द्या."

मी मान हलवली. त्या दिवशी मी एकही वाटी भट्टीत ठेवली नाही.

घरी पोचले तर स्वारी माझ्याआधीच हजर. हेही नवीनच होतं. पूर्वी टेकड्यांवर गेला की हा माणूस अंधार पडला तरी यायचा नाही, मला भाजी दोनदा गरम करायला लागायची. हल्ली ऊन कलायच्या आत घरात. आणि घरात काय, तर दिवाळखोरासारखे दिवे! बाहेर लख्ख उजेड असताना ओट्यावरचा दिवा, बोळातला दिवा, न्हाणीघरातला दिवा.

"बिल तुझा बाप भरणार आहे का?" मी दारातूनच सुरू केलं. "सासरे होते तेव्हा त्यांच्या खोलीत दिवाच लागायचा नाही, त्या बिचाऱ्यांना उपयोगच नव्हता. आता मुलगा बापाच्या वाटचेही लावतोय!"

"असू दे गं, बाईसाहेब. जरा उजेड बरा वाटतो," तो म्हणाला. आणि मागच्या दारी वाळत घातलेले कपडे काढायला गेला, तो परत येताना नेहमीसारखा पायरीवर पाय घासत आला. खर्रर, खर्रर. त्या आवाजाने माझं डोकंच उठतं.

"पाय उचलून टाक ना! चपला फुकट मिळतात का?"

आमची लेक हसली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आईबापाच्या भांडणाला तिकीट लावून बसल्यासारखी बसते. "आई, बाबांना काही बोलू नकोस. ते हल्ली फार मोठे झालेत. परवा बाजारात मी शेजारून चालतेय तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी समोर जाऊन उभी राहिले."

"विचारात होतो," जेवायला बसत तो म्हणाला, आणि पाण्याच्या तांब्याला हात घालायला गेला तो कडेचा पेला उडवला. सगळं पाणी माझ्या ताटात.

"डोळे कुठे गहाण टाकलेत?" मी ओरडले.

तो फडकं घेऊन पुसायला लागला. तेव्हा माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. ते हात स्वच्छ होते. दर फेरीला या माणसाचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असतात. टेकड्यांवरची झुडपं काटेरी, त्यांच्या बुंध्याशी जायचं तर पोटावर सरपटत जावं लागतं. रोज संध्याकाळी मी सुई घेऊन बसायची आणि त्याच्या तळव्यातले काटे काढायची. तो कुरकुरायचा, मी दटावायची. या फेरीत मी एकही काटा काढला नव्हता. इतके दिवस ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि आता आलं तर पाठ सोडत नव्हतं.

म्हणजे मॅडम म्हणतात ते खरं? गाडी रस्त्याकडेला लावून, एका ढिगातून पिशव्या भरून हा घरी येतो? पण मग बुटातून रोज ओंजळभर वाळू कशी निघते? शनिवारभर मी हेच करत होते, बूट झटकत होते आणि कपाळ चोळत होते. विचारावं तर मॅडमना शब्द दिलेला. न विचारावं तर सोमवारी त्याला सगळ्यांसमोर चोर ठरवणार. माझी सहनशक्ती किती ते सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी संध्याकाळी मी जाहीर करून टाकलं, "उद्या मला टेकड्यांवर ने."

"तुला? तुला तर तिथली वाळू डब्यात आली तरी चालत नाही."

"नवऱ्याचं काम बघावंसं वाटलं. गुन्हा आहे का?"

तो हसला, पण हसू उशिरा आलं.

रविवारी अभयारण्याच्या फाटकाशी वनरक्षक भेटला. आमच्या घरी वर्षानुवर्षं येणारा, मला वहिनी म्हणणारा माणूस. नवरा नोंद करायला चौकीत गेला तेवढ्यात मी वनरक्षकाला बाजूला घेतलं. "भाऊजी, खरं सांगा. हे सगळ्या जागांवर जातात का?"

"दादा?" त्याला विचित्रच वाटलं. "वहिनी, एक जागा सोडत नाहीत. मीच गाडी चालवतो ना हल्ली. फक्त वेळ त्यांची उलटी आहे. सगळी दुनिया सकाळच्या गारव्यात काम उरकते, हे ऊन डोक्यावर आलं की निघतात. मी म्हणतो, दादा, भाजून निघाल. तर म्हणतात, सकाळी सावल्या फार लांब असतात."

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे जातो तर! सावल्यांचं काय ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्याचा विचारही केला नाही. एवढं ऐकूनच मला त्याला मिठी मारावीशी वाटली होती.

टेकड्यांवर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. वनरक्षक गाडीपाशी थांबला, आम्ही दोघं पुढे. यंत्र हातात धरून नवरा चालत होता, आणि चाल अगदी जुनी, खात्रीची. पहिल्या जागेवर यंत्र वाजलं. समोर झुडूप. त्याने पाऊलभर बाजूला, उन्हात नळी ठेवली.

"यंत्र तर झुडपाखाली दाखवतंय," मी म्हटलं.

"पाऊलभर चालतं."

ते खरं आहे. जागेवर दगड आला, एखादं बीळ आलं, तर पाऊलभर सरकायची मुभा या कामात पहिल्यापासून आहे. सरकायचं कुठल्या बाजूला, ते कोणी ठरवून दिलेलं नाही.

"तिथे दगड आहे का?"

"नाही."

"बीळ?"

"अगं, काटे आहेत. चालतं म्हटलं ना."

पुढची जागा. परत झुडूप, परत पाऊलभर बाजूला, परत ऊन. त्याच्या पुढच्या जागेवरही तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा चोर नव्हता. हा सगळीकडे जात होता आणि सगळीकडे पाऊलभर सरकत होता, दर वेळी उघड्या वाळूकडे. प्रत्येक पिशवीत त्याने हातभर पलीकडची, उपाशी माती भरली होती. नियमात बसणारी, आणि तरी सगळीच्या सगळी चुकीची. त्या जोरावर अर्धं अभयारण्य मेलेलं ठरत होतं, आणि उद्या मॅडम त्याला खोटारडा ठरवणार होत्या. आणि कशासाठी? तर काटे टोचतात!

मग माझा भडका उडाला.

"इतकी वर्षं तुझ्या हातातले काटे मी काढले, तेव्हा नाही टोचले ते? आता नाजूक झालास? बाजूला हो!" मी खुरपं घेतलं आणि साडी खोचून झुडपाखाली घुसले. केस अडकले, दंडावर ओरखडे उठले, पण बुंध्याशी खुरपं घातलं तशी काळी माती वर आली, गार आणि पावाच्या चुऱ्यासारखी. मी पिशवी भरली आणि पाठमोरी सरपटत बाहेर आले. खुरपं आतच राहिलं.

"ते खुरपं दे," मी म्हटलं.

तो गुडघ्यावर बसला. हात सावलीत घातला आणि वाळू थापटायला लागला. खुरपं त्याच्यापासून वीतभरावर होतं, लालभडक मुठीचं. त्याचा हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुढे गेला.

"नाटकं पुरे झाली हं."

हात खुरप्यावर पडला. पण त्याने मूठ धरली नाही, पातं धरलं. बोटाला कापलं तरी त्याने सोडलं नाही. खुरपं माझ्यापुढे धरून बसून राहिला.

"पिशवीपण तिथेच ठेवलीय मी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "तीपण दे. डावीकडे आहे की उजवीकडे?"

तो सावलीकडे बघत राहिला. बराच वेळ.

"उजवीकडे," तो म्हणाला.

पिशवी माझ्या हातात होती.

मी ती पुढे केली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. मीही वाळूत बसले. सगळं एकदम डोळ्यांपुढून जायला लागलं: घरातले दिवे, पायरीवर घासलेला पाय, कडेचा पेला, शेजारून चालणारी लेक. आणि मी काय म्हणत होते? डोळे गहाण टाकलेत का म्हणत होते.

"कधीपासून?"

"उन्हात सगळं दिसतं मला," तो घाईघाईने म्हणाला. "समोरचं तर स्पष्ट. तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा."

"आणि सावलीत?"

"काळं." त्याने बोटावरचं रक्त पँटला पुसलं. "आणि कडेकडेचं हळूहळू जातंय. वाटलं, थकव्याने असेल."

"डॉक्टरकडे गेलास?"

"बाबांना घेऊन मीच गेलो होतो ना. आता त्या खुर्चीत मी बसायचं? तिथे गेलं की त्याला नाव मिळतं. नाव मिळेपर्यंत मी चालवून घेत होतो."

माझे सासरे शेवटची वर्षं भिंत धरून चालायचे. ज्या हातांनी त्यांनी आमचं घर बांधलं, त्याच हातांनी घरातली दारं चाचपडायचे. जेवायला मी त्यांना भरवायची, आणि प्रत्येक घासाला ते माफी मागितल्यासारखं तोंड करायचे. शेजारी बसलेला माझा नवरा तेव्हा एकदाही मान वर करायचा नाही.

"मॅडम उद्या येणार हे मघाशी चौकीतल्या नोंदीत वाचलं मी," तो म्हणाला. "मी सांगणार, आळस केला. काटे नको वाटले म्हणून सरकलो."

"अरे, नोकरी जाईल!"

"जाऊ दे. कामचुकार म्हणून जाईल. कामचुकार माणूस निदान धडधाकट तरी असतो." त्याने माझा हात धरला, आणि तो कुठे आहे हे त्याला न चाचपडता कळलं, कारण तो उन्हात होता. "मॅडमना एक शब्द बोलणार नाहीस. शपथ घे."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण त्याचं तोंड तेव्हा त्याच्या बापासारखं झालं होतं. मी शपथ घेतली.

परतताना वाटेत मी प्रयोगशाळा उघडायला लावली आणि ती काळी माती वाळवून भट्टीत ठेवली. सोमवारी सकाळी वाटी काढली तेव्हा माती फिकट झाली होती. वजन केलं. आकडा मोठा आला, मागच्या फेरीत त्याच जागेवर आला होता तेवढाच. जमीन जिवंत होती. एरवी मी ऑफिसभर नाचले असते. पण तो आकडा म्हणजे माझ्या नवऱ्याविरुद्धचा पुरावाही होता, आणि तो मीच तयार केला होता.

त्याने मॅडमना विनवलं होतं की दुपारी जाऊ. मॅडम म्हणाल्या, कशाला उन्हात, सकाळीच उरकू. म्हणून आम्ही पोचलो तेव्हा प्रत्येक झुडपाची सावली लांबच लांब पसरलेली. तो वनरक्षकाच्या अगदी मागे, त्याच्या पावलावर पाऊल ठेवत चालत होता. एका जागी ठेचकाळला. मॅडमनी वळून पाहिलं.

"झुडपाखालचीच काढा," पहिल्या जागेवर मॅडम म्हणाल्या. "नेमक्या जागेवरची."

तो पोटावर झोपला आणि आत सरकला. काटे त्याच्या पाठीला लागत होते, पण तो थांबला नाही. आत गेल्यावर त्याने डोळे मिटले असावेत, कारण मान खाली गेली आणि फक्त बोटं चालायला लागली. बुंधा चाचपला, पाचोळा बाजूला केला, वाळू चिमटीत घेऊन चोळली, मग नळी ठेवली. बाहेर आला तेव्हा पिशवी काळ्या मातीने भरलेली होती. कोणी काही म्हणायला जागा नव्हती.

"हे तर तुम्हाला उत्तम जमतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख होतं, त्याहून जास्त राग. "मग आधी का नाही केलंत?"

"आळस केला, मॅडम."

वनरक्षकाने तोंड फिरवलं.

"तुम्ही? खड्डेबुवा, तुम्ही आळस केलात?"

"काटे नको वाटले."

"तुमच्या काट्यांपायी हा सगळा पट्टा जातोय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. लिहा तुम्ही."

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. माझा नवरा गुडघ्यांवर बसून होता, वाळूने माखलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखा भाव होता. तो मला सहन झाला नाही. या माणसाने आयुष्यात एक दिवस काम टाळलं नाही, आणि आता त्याला कामचुकार म्हणवून घ्यायचं होतं, घरी येऊन गुपचूप आंधळं व्हायचं होतं, आणि मी शेजारी बसून गप्प राहायचं होतं. मी एक शब्द बोलणार नाही अशी शपथ घेतली होती. मॅडमना मी एक शब्दही बोलले नाही.

मी चपलेतली वाळू काढायला वाकल्यासारखं केलं आणि हातातलं खुरपं त्याच्या गुडघ्याजवळ सावलीत सरकवलं. लाल मूठ त्याच्याकडे करून.

"अरे," मी म्हटलं, "ते खुरपं दे."

त्याने झटकन मान वर केली. त्याला कळलं. शब्द तेच होते, आवाज तोच होता. तो नाही म्हणू शकला असता, तूच घे म्हणू शकला असता. पण मॅडम बघत होत्या, आणि साधं खुरपं द्यायला नाही म्हणायचं तरी कसं? त्याने हात पुढे केला आणि वाळू थापटली. डावीकडे. उजवीकडे. वनरक्षक चटकन पुढे झाला, मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. नवऱ्याचा हात खुरप्याच्या बाजूने गेला, पुढे गेला, परत आला. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. तरी मी थांबवलं नाही.

मॅडमचं पेन हवेतच राहिलं. मग त्यांनी ते पर्समध्ये टाकलं, त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या, त्याचं मनगट धरलं आणि हात मुठीवर नेऊन ठेवला.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं होत आली," तो म्हणाला. आणि त्या वाळूत, आम्हा तिघांसमोर, तो लहान मुलासारखा रडला.

मग मी रविवारी काढलेल्या मातीचा आकडा मॅडमपुढे ठेवला, आणि त्यांनी तिथेच सांगून टाकलं. ही फेरी रद्द, कारण जागा सरकल्या. पट्टा वगळायची गोष्ट नवीन फेरी होईपर्यंत थांबवायला लावू, हातात माझा आकडा आहेच. फेरी खड्डेबुवांच्याच देखरेखीखाली होईल, सावलीत वनरक्षक बघेल. "आणि उद्या कामावर यायचं नाही. उद्या डॉक्टर. मी फोन करते." तो सगळ्याला मान हलवत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

घरी येईपर्यंत तो बोलला नाही. दुपारी जेवला नाही. डॉक्टर काय म्हणणार, किती गेलं, किती राहिलं, किती राखता येईल, हे सगळं माझ्या डोक्यात घोंघावत होतं, आणि वर हे मौन. मी दोनदा "चहा टाकू का?" विचारलं. उत्तर नाही. संध्याकाळ व्हायला लागली तशी मी उठले, ओट्यावरचा दिवा लावला, बोळातला लावला, न्हाणीघरातला लावला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे ती हसली नाही.

मागच्या दारी कपडे वाळत होते. तो उठून काढायला गेला. मी दाराशी जाऊन उभी राहिले. बाहेर अंधारून आलं होतं. कपडे छातीशी धरून तो परत आला, दाराच्या अलीकडे थांबला आणि सवयीने पाय पुढे घासला. खर्रर. मग पाय तिथेच थांबला. दोन वर्षं हा माणूस रोज असा पायरी शोधत होता, आणि मी आतून चपलांचा हिशोब विचारत होते.

आज मी चपलांचा विषय काढला नाही. कसा काढणार?

"अगं," तो म्हणाला. सकाळपासूनचा त्याचा हा पहिला शब्द. "पायरी आली का?"

"आली," मी म्हटलं. "उचल पाय."

त्याने उचलला.